बळ कोणाचे?

शरीर कमवावे, नित्य घाम गाळावा, स्पर्धेत यश मिळवावे, आणि त्या यशावर एकट्याचाच हक्क सांगावा, हे न्याय्य होय काय? ज्याचे कष्ट त्याचे फळ, असे कोणीही म्हणेल. तथापि एका मल्लाचे चरित्र पाहिले म्हणजे आम्हांस हे उत्तर अपुरे वाटू लागते.

कऱ्हाडनजीकच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीस जावयाचे तर जवळ पैसा नव्हता. तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. परतल्यावर त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरविली आणि त्या उत्पन्नातून गुरुजींचे घर सोडविण्यास हातभार लावला.

हेलसिंकीच्या गादीवर खाशाबा एकटेच लढले, हे खरे. परंतु त्या गादीपर्यंत त्यांना अनेकांनी पोहोचविले होते. कोणी म्हणेल, पैसे फेडले की माणूस मोकळा झाला. आम्हांस तसे वाटत नाही. पैशाचे ऋण फिटते. विश्वासाचे ऋण मात्र देणाऱ्यास परत करता येत नाही, ते पुढच्यास द्यावयाचे असते.

आपल्या पेडणे-डिचोलीकडील माणसास हे नवे नाही. शिरगावच्या लईराईच्या जत्रेपूर्वी धोंड आहाराचे व आचाराचे व्रत पाळतात. शरीर शुद्ध राखणे हे तेथे कर्तव्य मानले जाते, मिरविण्याची वस्तू नव्हे. उत्सवात पालखी उचलणारा कितीही बळकट असो, तो इतरांच्या पावलाशी पाऊल जुळवूनच चालतो. एकटाच पुढे धावला तर पालखी कलंडेल.

येथे एक शंका उरते. ज्यांचे शरीर दुर्बळ आहे, जे वृद्ध वा रुग्ण आहेत, त्यांनी काय करावे? आरोग्य हा पुण्याचा पुरावा नव्हे आणि आजार हे पापाचे फळ नव्हे, हे प्रथम सांगितले पाहिजे. गोळेश्वरच्या वर्गणीदारांपैकी कितीजण आखाड्यात उतरू शकले असते? तरीही त्या पदकात त्यांचा वाटा आहेच. ज्याच्याजवळ जे असेल, ते त्याने द्यावे.

आमच्या गावचा मुलगा फुटबॉलचा सामना जिंकून घरी येतो, तेव्हा त्याचे कौतुक अवश्य करावे. पण दुसऱ्या दिवशी तो धाकट्या मुलांना चेंडू अडवावयास शिकवितो काय, शेजारच्या आजोबांना दवाखान्यात नेण्यास उठतो काय, हेही आपण वडीलधाऱ्यांनी पाहावे. तो उठला, तर त्याचे बळ खऱ्या अर्थाने कारणी लागले असे आम्ही समजू.