उपकार फेडायचे नसतात



मननासाठी शास्त्रभाग : लूक १७:११-१९

आमचे कुटुंब मूळचे अहिल्यानगर जिल्ह्यातले. बाबांच्या नोकरीमुळे आम्ही चंदीगडला आलो आणि इथलेच झालो. रविवारी आम्ही हिंदी उपासनेला जातो. तिथे देवाचा 'धन्यवाद' केला जातो. माझ्या शेजारी बसणाऱ्या पंजाबी आंटी डोळे मिटून हळूच 'शुकर, खुदावंदा' म्हणतात. घरी आल्यावर आई जेवणाआधी मराठीत प्रार्थना करते, तेव्हा शब्द येतो 'उपकारस्तुती'. बरीच वर्षे मला वाटत होते की हे तिन्ही शब्द एकाच गोष्टीची नावे आहेत.

एकदा एका हिंदी संदेशाचे मराठीत भाषांतर करताना मी या शब्दाशी थांबले. 'धन्यवाद' हा हलका शब्द आहे. रिक्षावाल्यालाही आपण तो सहज म्हणतो. 'उपकार' मात्र आपल्या मराठी घरांत हलका नाही. भांडणात आपण विचारतो, "माझ्यावर उपकार करतोस का?" मोठी माणसे शिकवतात, "कुणाचे उपकार अंगावर ठेवू नयेत." उपकाराचे ओझे असते, उपकार फेडावे लागतात. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. माझ्या भाषेत सांगायचे तर उपकार म्हणजे देणे, खात्यावर राहिलेली बाकी.

आणि खरे सांगायचे तर देवाशी माझे नाते असेच होते. परीक्षा चांगली गेली की दानपेटीत थोडे जास्त टाकायचे. घरात काही चांगले घडले की आठवडाभर नेमाने प्रार्थना करायची. म्हणजे मी आभार मानत नव्हते, हप्ते भरत होते. अशा हिशेबात एक मोठा धोका असतो. ज्या दिवशी आपल्याकडून काही काढून घेतले जाते, त्या दिवशी वाटते की आता देवच आपले देणे लागतो. मग उपकारस्तुती बंद पडते.

माझी गेल्या वर्षी जानेवारीत बंद पडली.

लंगरची रांग

त्या दिवसांत चंदीगडवर दाट धुके होते. पहाटे बाबा उठायला गेले आणि त्यांचा उजवा हात उठलाच नाही. बोलणेही अडखळू लागले. अर्धांगवायूचा झटका होता. पुढचे बारा दिवस आम्ही पीजीआयमध्ये होतो. पंजाब, हरियाणा, हिमाचल, जम्मू-काश्मीर अशा सगळीकडून लोक तिथे येतात. रात्री कांबळी पांघरून भिंतीला टेकून बसलेल्या नातेवाइकांत आम्हीही दोघी होतो.

एक ओळखीच्या ताई भेटायला आल्या. मनाने चांगल्या आहेत. जाताना मला म्हणाल्या, "या आजारासाठीही देवाचे आभार मान, बघ, सगळे ठीक होईल." मी काहीच बोलले नाही. पण आत संताप झाला. आयुष्यभर ज्या माणसाने सुंदर अक्षरात हिशेब लिहिले, त्याचा लिहिता हात गेला, त्यासाठी आभार मानायचे? तसे मला म्हणता येईना. खोटे बोलण्यापेक्षा मी प्रार्थनाच सोडली.

पीजीआयच्या बाहेर लंगर लागतो, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. या सेवेशी जगदीशलाल आहुजा यांचे नाव जोडलेले आहे. १९४७ च्या फाळणीत पेशावर सोडून आलेले आहुजा लहानपणापासून कष्ट करत फळांच्या धंद्यात वर आले. पुढे सुमारे दोन दशके त्यांनी या रुग्णालयाबाहेर रुग्णांच्या नातेवाइकांना जेवू घातले. पैसा कमी पडू लागला तेव्हा त्यांनी स्वतःची मालमत्ता विकली, पण पंगत थांबवली नाही. लोक त्यांना 'लंगर बाबा' म्हणत. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि २०२१ मध्ये ते वारले. आम्ही गेलो तेव्हा ते नव्हते, पण जेवू घालणारे दुसरे हात होते.

पहिल्या दिवशी मला रांगेत उभे राहायची लाज वाटली. आमच्याकडे पैसे होते, फक्त डबा आणणारे कुणी नव्हते. डाळ-रोटी घेतल्यावर मी वाढणाऱ्या काकांपुढे पन्नासची नोट धरली. ते हसले आणि म्हणाले, "पैसे नहीं बेटा, लंगर है. दोनों हाथ आगे करो." हातात नोट असताना दोन्ही हात पुढे करता येत नाहीत. मी नोट खिशात ठेवली, दोन्ही हात पुढे केले आणि त्यांनी आणखी एक गरम रोटी ठेवली.

आई बाकावर बसली. तिने रोटी हातात घेऊन डोळे मिटले आणि रोजच्यासारखीच हळू आवाजात म्हणाली, "प्रभू, ही भाकर दिलीस, वाढणारा हात दिलास, तुझे उपकार." आजारासाठी तिने आभार मानले नाहीत. सगळे ठीक आहे असेही ती म्हणाली नाही. आजाराबद्दल ती नंतर बराच वेळ देवापुढे रडली. पण हातातली रोटी खरी होती आणि ती कुणीतरी दिली होती, एवढे तिने मान्य केले.

दहांतला एक

त्या रात्री मला लूकच्या शुभवर्तमानातले दहा कुष्ठरोगी आठवले. प्रभू येशू यरुशलेमेकडे जात असताना, शोमरोन आणि गालील यांच्या सीमेवर ते दुरूनच ओरडून दयेची याचना करतात. प्रभू त्यांना सांगतो, जा आणि स्वतःला याजकांना दाखवा. जाता जाता, वाटेतच ते शुद्ध होतात.

नऊ जण परत आले नाहीत म्हणून आपण त्यांना कृतघ्न म्हणतो. पण थोडे थांबून पाहू या. त्यांनी प्रभूची आज्ञा मोडली नव्हती. नियमशास्त्राप्रमाणे (लेवीय १४) कुष्ठरोगी शुद्ध झाला आहे हे याजकाने ठरवायचे असे. त्याशिवाय त्याला घरी, गावात परत जागा नव्हती. कुणाची मुले वाट बघत असतील, कुणाची म्हातारी आई. ते घाईत होते, आणि घाईचे कारणही चांगले होते. आपलेही असेच होते. आपण दुष्ट नसतो, घाईत असतो. मागितलेले हातात पडते आणि आपण पुढच्या कामाला लागतो.

एक जण मात्र मागे वळला. तो शोमरोनी होता, म्हणजे यहूद्यांच्या दृष्टीने परका. तो मोठ्याने देवाचे गौरव करत आला आणि प्रभूच्या पायांपाशी पालथा पडला. प्रभूने विचारले, बाकीचे नऊ कुठे आहेत?

इथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. प्रभूने त्या नऊ जणांचे आरोग्य परत घेतले नाही. आभार न मानल्याबद्दल कुणाच्याही अंगावर कोड पुन्हा उमटले नाही. म्हणजे आभार ही त्या देणगीची किंमत नव्हती. देणगी फुकट होती आणि फुकटच राहिली. आणि जो परत आला, त्याने तरी काय आणले? काहीच नाही. त्याच्याकडे देण्यासारखे काही नव्हतेच. तो फक्त वळला, आणि त्याला देणगीबरोबर देणाराही भेटला. त्याच्या विश्वासाने त्याला तारले असे प्रभू त्याला सांगतो. नऊ जणांना नवे कातडे मिळाले, एकाला प्रभू मिळाला.

आता मला आपला जुना मराठी शब्द कळला. पवित्र शास्त्रात तो उपकार'फेड' नाही, उपकार'स्तुती' आहे. फेड करून माणूस मोकळा होतो, त्याचा देणाऱ्याशी संबंध संपतो. स्तुती करणारा मात्र देणाऱ्याजवळ येतो. देवाचे उपकार फेडता येत नाहीत, आणि ते फेडावेत अशी त्याची अपेक्षाही नाही. पन्नासची नोट खिशात ठेवून दोन्ही हात पुढे करणे, हीच उपकारस्तुतीची सुरुवात आहे.

त्या रात्रीही

मग १ थेस्सलनीकाकरांस ५:१८ चे काय? पौल तिथे सर्व परिस्थितीत उपकारस्तुती करायला सांगतो. लक्षात घ्या, परिस्थिती'त', परिस्थिती'बद्दल' नव्हे. अंधारासाठी आभार मानायचे नाहीत, अंधारात मानायचे आहेत.

हे आपल्याला प्रभूनेच करून दाखवले आहे. १ करिंथकरांस ११:२३-२४ मध्ये पौल मुद्दाम वेळ सांगतो : प्रभू येशूला धरून दिले त्या रात्री. दगा करणारा जवळच होता, पुढचे दुःख समोर दिसत होते. त्या रात्री प्रभूने भाकर घेतली आणि उपकारस्तुती केली. दग्यासाठी नव्हे, भाकरीसाठी. थोड्याच वेळाने गेथशेमाने बागेत त्याने हा प्याला टळावा म्हणून पित्याला विनवले. एकाच रात्री उपकारस्तुतीही आहे आणि अश्रूही आहेत. म्हणून देवापुढे रडणे, तक्रार करणे म्हणजे कृतघ्नपणा नव्हे. अनेक स्तोत्रे तक्रारीनेच सुरू होतात. प्रभुभोजनाला जगभर 'युखरिस्त' म्हणतात, आणि त्या ग्रीक शब्दाचा अर्थच उपकारस्तुती असा आहे. आपल्या विश्वासाची मेजच त्या रात्रीच्या उपकारस्तुतीवर मांडलेली आहे.

आपल्या मराठी मंडळीला पंडिता रमाबाईंचे उदाहरण दूरचे नाही. दुष्काळात त्यांचे आई, वडील आणि बहीण गेली. पुढे भाऊ गेला. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती तेव्हा, १८८२ साली पती गेले. हिशेब मांडायचा तर रमाबाईंनी देवाकडे पाठ फिरवायला पुरेशी कारणे होती. पण १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० उपाशी मुली-बायकांना सोडवून घेऊन आल्या. केडगावचे मुक्तिसदन त्यातूनच वाढले. १९०७ साली त्यांनी आपली साक्ष प्रसिद्ध केली, तेव्हा तिच्या शीर्षकात न संपणाऱ्या ठेव्याचा उल्लेख केला. ज्यांचे जवळजवळ सगळेच संपले होते, त्यांनी हा शब्द निवडला. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराचे त्यांचे काम तरीही चालू होते, आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये त्यांनीही डोळे मिटले. त्यांना मिळालेली भाकर त्यांनी स्वतःपुरती ठेवली नाही. मागे वळलेला माणूस असाच दुसऱ्यांसाठी पुढे जातो.

रोज काय करायचे?

उपकारस्तुती हा स्वभाव होण्याआधी सवय व्हावी लागते. मी अजून शिकत आहे. मला उपयोगी पडलेल्या चार साध्या गोष्टी सांगते.

१. जेवणाआधीची प्रार्थना सावकाश करा. पाठ झालेले शब्द घाईने म्हणू नका. ताटातल्या एका तरी पदार्थामागचा हात आठवा : गहू पिकवणारा, दळणारा, पोळी लाटणारी आई.

२. जमेची बाजू लिहा. बाबांची जमाखर्चाची वही आता मी लिहिते. रुग्णालयातल्या त्या पानांवर सगळा खर्चच होता : औषधे, तपासण्या, ऑटो. एका रात्री मी जमेच्या बाजूला लिहिले : 'डाळ-रोटी, तीन वेळा. किंमत घेतली नाही.' तेव्हापासून रोज एक तरी ओळ लिहिते. 'देवाने सर्व दिले' असे मोघम नाही. नेमके लिहायचे.

३. माणसालाही सांगा. आपल्या घरांत आईला 'थँक यू' म्हटले तर ती हसते, "परक्यासारखे काय बोलतेस?" ठीक आहे, शब्द वेगळे वापरा. "आज भाजी छान झाली होती" एवढे तरी म्हणा. पण तो शोमरोनी मनातल्या मनात आभार मानून पुढे गेला नाही, तो परत आला.

४. मूठभर बाजूला काढा. मिझोरममध्ये ख्रिस्ती स्त्रिया १९१० पासून रोज भात शिजवताना मूठभर तांदूळ देवाच्या कामासाठी वेगळे ठेवतात. आमच्या गावी कापणीच्या सणाला आजी टोपलीभर बाजरी घेऊन चर्चला जायची. दोन्हींत फेड नाही. 'हे मुळात माझे नव्हते' अशी ती कबुली आहे. मी सध्या महिन्यातून एकदा लंगरची भांडी घासायला जाते.

बाबांचा उजवा हात अजून लिहीत नाही. बोलणे पुष्कळ सुधारले आहे. गेल्या आठवड्यात त्यांनी वही मागितली, पाने चाळली आणि जमेच्या बाजूवर बोट ठेवून सावकाश म्हणाले, "लिही. आज शर्टाचे एक बटण लावले. डाव्या हाताने." मी लिहिले. मग त्यांनी डोळे मिटले आणि आईने प्रार्थना केली.

प्रियांनो, आज तुमच्याकडून काय काढून घेतले गेले आहे, हे मला ठाऊक नाही. त्यासाठी आभार माना असे मी सांगणार नाही. पण आज तुमच्या हातात एखादी रोटी आहे का? ती देणाऱ्याकडे एकदा मागे वळून पाहा.

प्रार्थना

हे दयाळू पित्या, आम्ही घाईत पुढे निघून गेलो, आम्हांला क्षमा कर. तू दिलेल्याचा आम्ही हिशेब मांडला, तुझ्याकडे मात्र वळलो नाही. ज्यांच्या घरात आज आजार आहे, जागा रिकामी आहे, हात थकले आहेत, त्यांच्या अश्रूंजवळ तू राहा. त्या रात्री भाकर घेऊन उपकारस्तुती करणाऱ्या तुझ्या पुत्रासारखे मन आम्हांला दे. आमचे दोन्ही हात मोकळे कर, म्हणजे आम्हांला घेता येईल आणि दुसऱ्यांना देता येईल. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.