बियांचा हिशेब

चेक प्रजासत्ताकात, मोराव्हियाच्या पूर्व भागात, स्लोव्हाकियाच्या सीमेलगत, व्हालाश्स्को नावाचा डोंगराळ मुलूख आहे. जमीन हलकी, उतार फार. गव्हाचं पीक तिथे जेमतेम येतं, पण प्लमच्या झाडाला ती माती मानवते. तिथलं विझोवित्से गाव प्लमसाठीच ओळखलं जातं. उन्हाळा सरता सरता गावात प्लमचा उत्सव भरतो आणि प्लम घालून उकडलेले गोड गोळे कोण जास्त खातो याची शर्यत लागते. या गोळ्यांना चेक लोक क्नेडलीक म्हणतात. जेवणानंतर तोंड गोड करायला ते वाढत नाहीत. क्नेडलीक केले की त्या दिवशी तेच जेवण.

आत घातलेल्या प्लममधली बी पुष्कळ घरांत काढत नाहीत. फळ कापलं की रस सुटतो, पीठ ओलं होतं आणि गोळा पाण्यात फुटतो. अख्खं फळ घातलं की रस आतच राहतो. खाणारा बी ताटलीच्या काठावर ठेवतो, म्हणून कोणी किती खाल्ले हे विचारावं लागत नाही. बिया मोजल्या की झालं. मुलं या बियांवरून भांडतात, मोठी माणसं त्यांच्यावरून फुशारकी मारतात.

अशाच एका घरातली ही गोष्ट 1992 च्या सप्टेंबरमधली. गावाबाहेरच्या उतारावर त्या घरातल्या आईच्या माहेरची बाग होती. 1950 च्या दशकात ती सामूहिक शेतीत गेली. 1991 च्या जमीन कायद्याने अशा जमिनी मूळ मालकांना आणि त्यांच्या वारसांना परत मिळू लागल्या, तेव्हा तीही परत आली. आजोबांची एकुलती एक मुलगी म्हणून आईच्या नावावर आली. तिचा नवरा आधीच वारला होता. दोन मुलगे होते, दोघेही संसारी. बाग आली आणि महिन्याभरात वाटणीची भाषा सुरू झाली.

थोरला कारखान्यात मोजमापाचं काम करायचा. त्याने टेप धरून बाग मोजली. धाकट्याने झाडं मोजली. एकूण त्रेपन्न. वरच्या उतारावर ऊन जास्त, तिथलं फळ गोड. खाली ओढ्याजवळ थंड हवा साचते आणि वसंतात मोहोर गारठतो. म्हणून वरची किती, खालची किती, यावर आठवडेच्या आठवडे वाद चालला. शेवटी तेवीस आणि तेवीस असं ठरलं. उरलेली सात झाडं ओढ्याकाठची. त्यांच्या पानांवर फिकट कडी उठली होती, फळांवर खड्डे पडून ती पिकायच्या आधीच गळत होती. हा शार्का नावाचा रोग. विषाणूचा आहे, मावा तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो, आणि लागलेल्या झाडाला औषध नाही. त्या भागातलं जुनं घरगुती प्लम या रोगाने फार मारलं. ही सात झाडं दोघांनाही नको होती, म्हणून ती कागदावर आलीच नाहीत.

त्याच दिवसांत देशाचीही वाटणी चालली होती. ऑगस्टच्या 26 तारखेला ब्र्नो शहरातल्या एका बंगल्याच्या बागेत चेक नेते क्लाउस आणि स्लोव्हाक नेते मेचियार यांनी चेकोस्लोव्हाकियाचे दोन देश करायचं ठरवलं. मालमत्ता लोकसंख्येच्या प्रमाणात, दोनास एक. सार्वमत घेतलं नाही. सैन्याच्या गाड्या कुणाकडे किती, विमानं किती, याची चर्चा रोज रेडिओवर असायची आणि घराघरात लोक ती ऐकत जेवायचे.

आईने दोघांना निरोप दिला. रविवारी बायकामुलांना घेऊन जेवायला या, वाटणीचा कागदही आणा, सही करते.

शनिवारी संध्याकाळीच तिने बटाटे सालासकट उकडून ठेवले. क्नेडलीकला बटाटा पिठूळ लागतो, आणि रात्रभर थंड होऊन त्यातलं पाणी आटलेलं बरं. रविवारी सकाळी धाकट्याची नऊ वर्षांची मुलगी मदतीला आली. आजीने बटाटे सोलून किसले, किलोभर किसाला पाव किलोहून थोडं जास्त रवाळ पीठ घेतलं, एक अंडं, मीठ. चेक दुकानात गव्हाचं पीठ तीन जाडींचं मिळतं, आणि क्नेडलीकला त्यातलं सगळ्यात जाडं लागतं.

"चिकटतंय ग आजी," नात म्हणाली आणि तिने पिठाच्या डब्यात हात घातला.

"थांब. चिकटू दे जरा. भीतीने पीठ घालत गेलीस तर गोळा दगड होतो. हाताला थोडं लावून घे, गोळ्यात नको. आणि उरक. हे पीठ ठेवलं की पाणी सुटतं."

प्लम तिने धुऊन फडक्याने कोरडे केले. ओल्या फळाला पीठ धरत नाही, पाण्यात शिवण उसवते. आजीचा हात उकडीच्या मोदकाची पारी करणाऱ्या आपल्याकडच्या बाईसारखा चालत होता: तळहातावर चपटी चकती, मध्ये फळ, कडा वर घेऊन आत हवा न ठेवता बंद. कवच जाड झालं तर पीठ शिजेपर्यंत फळ आंबट आणि कच्चं राहतं. पातळ झालं तर फुटतं. नातीने पहिले चार वेडेवाकडे केले, पाचवा बरा झाला. सगळे मिळून पंचेचाळीस. तिने ते ओट्यावर पाच-पाचच्या रांगांत मांडले होते, म्हणून आकडा तिच्या डोक्यात पक्का बसला.

मंडळी जमली. मिठाच्या पाण्यात गोळे सोडले की आई लाकडी चमच्याने तळापासून हळूच ढवळायची, चिकटू नयेत म्हणून. ते वर येऊन तरंगले की आणखी काही मिनिटं. काढल्याबरोबर ताटलीत, वर किसलेला कोरडा चक्का, साखर, दळलेली काळी खसखस, आणि त्यावर कढलेलं लोणी. दोन काट्यांनी फोडायचे, सुरी लावायची नाही. आतून जांभळा रस लोण्यात उतरतो. हे गरमच खायचं असतं. गार झालेला क्नेडलीक घट्ट होतो, लोणी थिजतं. मग त्यात काही राम नाही.

थोरल्याच्या आणि धाकट्याच्या बिया लहानपणापासून मोजल्या जात. त्या दिवशीही ते सुरू झालं. सात, आठ, नऊ. आई शेगडी आणि टेबल यांच्यामध्ये फिरत होती. एकाला वाढला की दुसऱ्याला वाढायचीच. अकरा-अकरावर भांड्यात चारच उरले. थोरला म्हणाला, आई, अजून आहेत का? तिने चारही काढले, दोन याला, दोन त्याला.

"नीट मोजून सांग ग," धाकट्याने मुलीला बजावलं. "काकाची एक कमी निघाली पाहिजे."

मुलीने वाटी घेतली आणि टेबलाभोवती फिरली. काका तेरा. बाबा तेरा. काकू आठ. आई सहा. मी पाच. तिने बोटांवर बेरीज केली. पंचेचाळीस. ती आजीच्या ताटलीपाशी आली. ताटली कोरडी होती, काटासुद्धा जागचा हललेला नव्हता.

"आजी, तुझ्या बिया कुठे आहेत?"

"आजी नंतर खाते," काका म्हणाला.

"नंतर कुठलं खाईल? सगळे पंचेचाळीस संपले. मीच रांगा लावल्या होत्या."

धाकट्या सुनेने काटा खाली ठेवला. "मी दहा वर्षं या घरात जेवते आहे," ती म्हणाली. "आईंना गरम क्नेडलीक खाताना मी पाहिलेलं नाही. आणि मला ते आजपर्यंत दिसलंही नव्हतं."

इथे मला थोडं थांबून बोलायचं आहे. शेवटच्या पंगतीला बसणारी बाई आपल्याकडे घरोघरी होती, अजूनही आहे. पुरणपोळ्या लाटून लाटून तिची वेळ येईपर्यंत पुरण संपतं, आणि ती कणकेची साधी पोळी तुपाशी खाऊन उठते. तिच्या त्यागाचे आपण गोडवे गातो. मला ते गोडवे पटत नाहीत. भुकेल्या माणसाचं कौतुक करण्यापेक्षा त्याला वाढणं सोपं आहे आणि योग्यही. व्हालाश्स्कोतल्या त्या आईला मी मानतो ते तिने पुढे जे केलं त्यासाठी.

ती आपल्या खुर्चीवर येऊन बसली. तिने कागद मागितला. थोरल्याने खिशातून काढून उलगडला. दोन रकाने, दोन नावं, तेवीस आणि तेवीस.

"यात माझी झाडं कुठली?" तिने विचारलं.

थोरला गडबडला. "तुला कशाला वेगळी हवीत आई? आमचं ते तुझंच."

"बाग माझ्या नावावर आहे. आमचं ते तुझंच, असं तुम्ही म्हणता. वाटणी करायची की नाही, हे मला एकाने तरी विचारलंत का?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दुसऱ्याने विचारलं असेल, असं प्रत्येकाला वाटलं होतं.

"तुम्हाला दोष देत नाही," आई म्हणाली. "ही सवय माझीच. लहानपणी तुम्ही बियांवरून भांडायचात. एकाच्या दहा झाल्या, दुसऱ्याच्या नऊ, की रडारड. मग मी माझ्यातला एक काढून त्याच्या ताटलीत टाकायचे. दोघांचं समान झालं की घर शांत. तुम्ही शिकलात की समान असं आपोआप होतं. ते माझ्या घासातून होत होतं हे मी कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं."

थोरली सून हळूच म्हणाली, "मग आता काय करायचं, आई?"

"आधी ती सात झाडं. कागदावर नाहीत म्हणून ती बागेतून जात नाहीत. मावा कुंपण ओळखत नाही. याच्या वाटणीत बसेल आणि त्याच्याही वाटणीत जाईल, चार-पाच वर्षांत याची तेवीसही जातील आणि त्याचीही. या शरदात दोघांनी मिळून ती मुळासकट काढायची आणि जाळायची. तिथे रोग सोसणारं वाण लावायचं, स्टॅनली. त्याचं फळ आपल्या घरगुती प्लमइतकं गोड नाही, मला ठाऊक आहे. पण जुन्या झाडाच्या बुडाशी फुटलेलं रोप लावाल तर रोगही त्याच्याबरोबर येईल."

"आणि उरलेली?" धाकट्याने विचारलं.

"उरलेल्यांना मी जिवंत असेपर्यंत रेघ ओढायची नाही. मशागत दोघांनी करायची. फळाचे तीन भाग. एक याचा, एक त्याचा, एक माझा. माझ्या भागाचं मी काय करते ते विचारायचं नाही. जॅम करीन, विकीन, नाहीतर नुसती बसून खाईन."

थोरल्याला हे लगेच पटलं नाही. तो म्हणाला, तिसरा भाग ठीक आहे, पण वरच्या ओळीची फळं गोड, त्यांचा तिसरा भाग कसा काढायचा? त्यावर पुन्हा वीसेक मिनिटं गेली. शेवटी धाकट्या सुनेने सुचवलं की ओळीवार न तोडता सगळं एकत्र तोडून मग पाट्या भराव्यात. ते मान्य झालं. रेडिओवर कुणीतरी विमानांच्या वाटपाबद्दल बोलत होतं. आईने नातीला तो बंद करायला सांगितलं.

मग तिने पातेल्याकडे बोट दाखवलं. "बटाटे अजून दीड किलो उकडलेले आहेत. प्लम टोपलीत आहेत. मला भूक लागली आहे."

सुना उठायला लागल्या. "तुम्ही बसा," ती म्हणाली. "तेरा-तेरा ज्यांनी खाल्ले ते उठतील."

दोन मोठे बाप्ये ओट्याशी उभे राहिले. थोरल्याने किसणीवर बोटाचं सालटं काढलं. धाकट्याने प्लम पुसायचे विसरून ओलेच घेतले, त्याचे दोन गोळे पाण्यात उघडले आणि पाणी जांभळं झालं. पीठ हाताला चिकटायला लागलं तसा थोरला डब्यातून मूठमूठ घालत गेला. नात ओरडली, "काका, नको! दगड होईल!" पण तोवर घालून झालं होतं. बऱ्याच वेळाने सात क्नेडलीक ताटलीत आले. चक्का किसून घातला, साखर, खसखस. धाकट्याने लोणी कढवून आणलं आणि आईसमोर ठेवलं.

आईने दोन काट्यांनी पहिला फोडला. वाफ निघाली. तिने फुंकर घालून घास घेतला, सावकाश चावला. सगळे तिच्या तोंडाकडे पाहत होते. तिने पहिली बी काढून काठावर ठेवली, मग दुसरी. पाच खाऊन ती थांबली आणि उरलेले दोन तिने कोणाला दिले नाहीत. जरा दम घेऊन तेही खाल्ले.

"लोणी चांगलं कढलंय," ती धाकट्याला म्हणाली. मग थोरल्याकडे वळली. "पीठ फार झालं. पुढच्या रविवारी पुन्हा करा. मी इथे बसून सांगेन कधी थांबायचं ते."