उपकारस्तुतीचे घर

महाराष्ट्रातील कोणत्याही जुन्या ख्रिस्ती वस्तीत, मग ती अहमदनगर-राहुरीकडील मिशनच्या आवारातली असो, जालना-सोलापुराकडची असो की वसईच्या वाडीतली असो, दिवेलागणीच्या सुमारास घरातील माणसे एकत्र बसून प्रार्थना करतात, ही गोष्ट इतकी अंगवळणी पडलेली आहे की तिच्यात काही विचार करण्याजोगे आहे असे सहसा कोणाच्या मनातही येत नाही. प्रॉटेस्टंट घरात एखादे गीत म्हटले जाते, पवित्र शास्त्रातील उतारा वाचला जातो आणि वडील मनुष्य प्रार्थना करतो. कॅथॉलिक घरात जपमाळ होते, आणि गोव्यात तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना आटोपल्यावर मुले हात जोडून वडीलधाऱ्यांपाशी ‘बेसांव’ म्हणजे आशीर्वाद मागतात. पंथ निराळे, रीती निराळ्या. परंतु मागण्यापूर्वी आभार मानावेत, आपली दरखास्त देवापुढे ठेवण्याआधी त्याच्या उपकारांचे स्मरण करावे, हा संस्कार दोन्हीकडे मुलांवर लहानपणापासून होत असतो.

आता ज्या घरात आई दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेली आहे, कर्त्या मुलाची नोकरी सुटली आहे, आणि वाटणीपत्रावरून भावाभावांत अबोला आहे, त्या घरानेही सायंकाळी हेच शब्द उच्चारावेत काय? उच्चारले तर ती जिभेची निव्वळ सवय म्हणावी, आत्मवंचना म्हणावी, की त्या शब्दांच्या मुळाशी काही सत्य आहे असे मानावे? श्रद्धेच्या बाबतीत मोठमोठे तात्त्विक प्रश्न पुष्कळ आहेत. परंतु कुटुंबवत्सल मनुष्यास जो प्रश्न रोज संध्याकाळी भेटतो, तो हाच होय, आणि त्याचे उत्तर त्याला प्रामाणिकपणे देता आले पाहिजे.

या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे प्रचारात आहेत व ती दोन्ही मला अग्राह्य वाटतात. पहिले असे की, देवाने प्रार्थना मंजूर केली म्हणजे आपण आभार मानावे. म्हणजे कृतज्ञता ही मिळालेल्या मालाची पोचपावती झाली. अशा कृतज्ञतेला दुःखाच्या दिवशी बोलण्यासारखे काही उरतच नाही, आणि सुखाच्या दिवशीही तिच्यात व्यवहाराचाच भाग अधिक असतो. दुसरे उत्तर असे की, आपल्याहून दुःखी माणसांकडे पाहावे व आपले त्यांच्यासारखे झाले नाही म्हणून समाधान मानावे. हे उत्तर ऐकावयास नम्र, पण त्याच्या पोटात क्रौर्य आहे. कारण शेजाऱ्याच्या आपत्तीवर जिचे पोषण होते, ती कृतज्ञता त्या शेजाऱ्याच्या डोळ्यांस डोळा भिडवू शकत नाही, आणि मंदिरात उभे राहून आपण त्या जकातदारासारखे नाही म्हणून देवाचे आभार मानणाऱ्या परुश्याला प्रभूने नीतिमान ठरविले नाही, हे शुभवर्तमान वाचणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे.

मग खरी कृतज्ञता कोणती? लूकाच्या शुभवर्तमानाच्या 17 व्या अध्यायात दहा कुष्ठरोग्यांची कथा आहे. शोमरोन आणि गालील यांच्या सीमेवर ते दूर उभे राहून दयेची याचना करतात, कारण त्या काळच्या नियमाप्रमाणे त्यांना गावात, घरात, मुलाबाळांत येण्याचा हक्कच उरलेला नव्हता. प्रभू त्यांना याजकांकडे जाऊन स्वतःस दाखवावयास सांगतो. रोग गेल्याचा निर्वाळा देण्याचा अधिकार याजकांचा होता. येथे पुष्कळदा ज्याकडे दुर्लक्ष होते ती बाब अशी की, ते निघाले तेव्हा त्यांच्या अंगावरचा रोग तसाच होता. रोग गेला तो वाटेत. म्हणजे विश्वास त्या दहांच्याही ठायी होता, आज्ञापालनही दहांनी केले, आणि शरीरही दहांचे शुद्ध झाले. परंतु परत फिरून पायांवर पडला तो एकच, आणि तोही यहुद्यांनी परका मानलेला शोमरोनी. जे नऊ पुढे गेले ते कृतघ्न होते असे म्हणून त्यांना दोष देणे सोपे आहे. मला वाटते, त्यांना घराची ओढ लागली असेल, आणि ती स्वाभाविक होती. पण त्यांनी देणगी घेतली आणि दात्याला वाटेवरच सोडले. दहाव्याला मात्र आपली गमावलेली त्वचा परत मिळाली एवढेच नव्हे, तर आपण कोणाचे तरी आहोत ही ओळख मिळाली. मनुष्याचे पूर्ण आरोग्य या ओळखीत आहे. रोग हटला तरी ती नसू शकते, आणि रोग न हटता ती असू शकते, हे या कथेचे मर्म आहे.

हे दुसरे विधान धाडसाचे आहे, आणि त्याला आधार हवा. पौलाच्या देहात एक काटा होता. त्याचे स्वरूप त्याने सांगितलेले नाही, परंतु तो काढून टाकावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली, आणि तो काढला गेला नाही. मंडळ्या स्थापणाऱ्या, तुरुंगातून पत्रे लिहिणाऱ्या या प्रेषिताचा विश्वास उणा होता असे कोणी म्हणू धजणार नाही. असे असता आमच्या घरांत आणि प्रार्थनासभांत आजाऱ्याच्या उशाशी बसून, “तुमचा विश्वास कमी पडतो,” असे सांगणारी माणसे जेव्हा भेटतात, तेव्हा ती अजाणतेपणी ईयोबाच्या त्या मित्रांची भूमिका वठवीत असतात, ज्यांच्याविषयी ग्रंथाच्या अखेरीस देवाचा कोप झाल्याचे लिहिले आहे. व्याधिग्रस्तावर त्याच्या व्याधीची जबाबदारी लादणारी श्रद्धा ही ख्रिस्ताची श्रद्धा नव्हे.

तसेच, जी कृतज्ञता अश्रूंना मज्जाव करते तीही खरी नव्हे. स्तोत्रसंहितेतील 150 स्तोत्रांपैकी फार मोठा भाग विलापाचा आहे. त्यांत फिर्याद आहे, तगादा आहे, देव झोपला आहे काय असे विचारण्याइतकी सलगी आहे. त्यांपैकी बहुतेक स्तोत्रे अखेरीस स्तुतीकडे वळतात, पण 88 वे स्तोत्र वळत नाही. ते अंधारातच संपते. ज्यांनी हा संग्रह उपासनेसाठी जतन केला, त्यांनी त्या स्तोत्राला एखादी आशेची ओळ जोडून दिली नाही, यात मला त्यांचे मोठे शहाणपण दिसते. ज्या घरात मुलाला रडण्याची मोकळीक आहे त्याच घरात त्याचे हसणे निर्भेळ असते. देवाच्या घरीही तोच न्याय आहे.

तथापि विलापाच्या काळातही आभाराचा शब्द संपूर्ण मुका होऊ न देणारी माणसे होऊन गेली आहेत, आणि त्यांचे चरित्र हेच आमच्या प्रश्नाचे उत्तर आहे. सतराव्या शतकात जर्मनीत तीस वर्षांचे युद्ध चालू असता आयलेनबुर्ग नावाच्या तटबंदीच्या गावात मार्टिन रिंकार्ट नावाचा पाळक होता. निर्वासितांनी गाव तुडुंब भरले, आणि 1637 साली त्यात महामारी शिरली. इतर पाळक मरण पावले किंवा निघून गेले, आणि चार हजारांहून अधिक प्रेतांच्या अंत्यविधीचा भार या एका मनुष्यावर आला. त्यांत त्याची स्वतःची पत्नीही होती. याच रिंकार्टने रचलेले आभाराचे एक गीत आज जगभरच्या मंडळ्यांत गाइले जाते. पण ते कोणा विजयोत्सवासाठी रचलेले नव्हते. आपल्या कुटुंबाने जेवणाच्या वेळी म्हणावयाची प्रार्थना म्हणून त्याने ते रचले होते. घरातील पंगतीचे ते साधे शब्द पुढे शतकानुशतके राष्ट्रांना पुरले, कारण ज्या मुखाने ते उच्चारले त्याला मृत्यूची खडान्‌खडा माहिती होती. आणि रिंकार्टच्या पुढे तरी कित्ता कोणाचा होता? प्रभूने भाकर हाती घेऊन आभार मानले ते ज्या रात्री त्याला शत्रूंच्या हाती देण्यात आले त्याच रात्री, आणि जो धरून देणार होता तो त्याच पंगतीला बसलेला असताना. ख्रिस्ती उपकारस्तुतीचा उगम सुबत्तेच्या दिवसात नसून त्या रात्रीत आहे, हे ज्याला उमगले त्याला दुःखाच्या घरातील आभारांचे नवल वाटणार नाही.

आरोग्यदानाचा विचार करताना वैद्यकाचा उल्लेख न करणे हीही कृतघ्नताच ठरेल. डॉक्टर विल्यम वानलेस यांनी 1894 साली मिरजेस मिशनचे रुग्णालय उघडले, आणि त्या एका संस्थेने दक्षिण महाराष्ट्रातील किती घरांत मेलेली आशा पुन्हा जिवंत केली याचा हिशेब कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. प्रार्थना आणि शस्त्रक्रिया यांत निवड करावी लागते असे तेथे कोणी मानले नाही. लूक हा स्वतः वैद्य होता असे पौलाच्या पत्रावरून दिसतेच. पुढे तमिळनाडूत वेल्लोर येथे डॉक्टर पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या वाकड्या झालेल्या बोटांवर स्नायुबंधांच्या शस्त्रक्रिया करून ती पुन्हा कामाची केली. त्यांच्या ध्यानात आले की, रोग्यांची बोटे झडतात ती बहुतांशी रोगाने मांस कुजून नव्हे, तर संवेदना नष्ट झाल्यामुळे. तापलेले भांडे पोळत नाही, रुतलेला खिळा बोचत नाही, आणि जखमेवर जखम होत जाते. वेदना ही देवाची देणगी आहे, असे त्यांनी आयुष्यभर सांगितले. या ब्रँडांचे वडील कोल्ली डोंगरांत मिशनरी होते. 1929 साली हिवतापाच्या एका उग्र प्रकाराने त्यांचे निधन झाले तेव्हा मुलगा शिक्षणासाठी सातासमुद्रांपलीकडे होता. वैधव्य आलेली त्याची आई त्या डोंगरांतील माणसांच्या सेवेसाठी परतली व म्हातारपणीही तेथून हलली नाही. ज्या घराने एवढे गमावले त्या घरातील मुलाने वेदनेविषयी आभाराचे उद्गार काढावेत, याला अधिकारवाणी म्हणावे लागते.

तरीही शरीराच्या रोगाहून घरातील दुरावा हा अधिक चिवट रोग आहे, आणि त्याच्या उपशमनाचे उदाहरण शोधण्यास मराठी माणसाला परदेशी जाण्याचे कारण नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथाचा आरंभ त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाने होतो. 1857 च्या धामधुमीनंतर कुटुंबात झालेल्या एका फाशीचा आघात त्यांच्या मनावर झाला, आणि बाजारातून आलेले मीठसुद्धा धुऊन घेण्यापर्यंत त्यांची मजल गेली. अशा घरात वाढलेल्या बाईचा पती, नारायण वामन टिळक, 1895 साली मुंबईस बाप्तिस्मा घेतो. त्या आघाताने लक्ष्मीबाई किती होरपळल्या हे त्यांनी कोठेही लपविलेले नाही. काही वर्षे पतिपत्नी विभक्त राहिली; पुढे त्या पतीजवळ आल्या त्याही आपली चूल आणि आपले पाणी निराळे ठेवून. टिळकांनी त्यांच्यावर धर्माची सक्ती केली नाही, आणि 1900 साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनाचा कौल मिळाल्यावर. मीठ धुणाऱ्या घरातील या मुलीने पुढे आपल्या घराचे दार जातपात न पाहता अनाथांसाठी व निराश्रितांसाठी उघडे ठेवले. बालकवी ठोमऱ्यांसारखा हिंदू तरुण कवी त्यांच्या छपराखाली मुलासारखा राहिला. 1919 साली टिळक वारले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. शाळेचे शिक्षण न लाभलेल्या लक्ष्मीबाईंनी ते महाकाव्य पुढे नेले, आणि त्याचा शेवट पुत्र देवदत्त यांनी केला. एका पिढीचा भयग्रस्त संताप दुसऱ्या पिढीत आतिथ्य झाला, आणि विभक्त झालेल्या पतिपत्नींचा शब्द एका ग्रंथात एकत्र आला. याला चमत्कार म्हणावे असे मला वाटते. मात्र तो एका रात्रीत घडलेला नाही. निराळ्या चुलीचा मान राखणारा धीर, रोजच्या रोज केलेली क्षमा, आणि भांडणातही एकमेकांचे ऋण न विसरणे, यांच्या योगाने तो वर्षानुवर्षे घडत आला.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. दुःखी घराने आभार मानावे ते दुःखाबद्दल नव्हे, आणि दुःख सरले असे भासविण्यासाठी तर नव्हेच. दुःखाचा अंमल घरावर असला तरी घराची मालकी त्याच्याकडे गेलेली नाही, हे देवासमक्ष आणि परस्परांसमक्ष रोज एकदा मोठ्याने सांगण्यासाठी आभार मानावे. ज्या घरात हे रोज सांगितले जाते तेथे रोग्याला आपण ओझे आहोत असे वाटत नाही, बेकाराची मान पंगतीत खाली जात नाही, आणि अबोला धरलेल्या भावाचे नाव निदान प्रार्थनेत तरी निघते. नाव निघाले की राग पूर्वीइतका ताठ राहत नाही, हा अनेक घरांचा अनुभव आहे.

म्हणून कुटुंबप्रमुखांना माझी एवढीच विनंती आहे. आज संध्याकाळी प्रार्थनेस बसाल तेव्हा ठराविक शब्दांवर थांबू नका. आजाऱ्याला ज्याने पाणी पाजले, ज्याने अंथरूण बदलले, ज्या शेजारणीने डबा पाठविला, ज्या परिचारिकेने रात्र जागून काढली, त्यांची नावे घेऊन आभार माना. मुलांनाही त्यांच्या दिवसातील एक उपकार सांगावयास लावा. ज्याला रडू येईल त्याला रडू द्या. आणि ज्याच्याशी तुमचे बोलणे बंद आहे त्याचाही तुमच्यावर काही उपकार असेल, तो आठवून त्याचे नाव उच्चारा. औषध चालू ठेवा, वैद्याचे ऐका, आणि देवाचे आभार मानावयास बरे होण्याची वाट पाहू नका.