दोन विस्तव



खेड्यापाड्यांतील आमच्या मंडळ्यांत एक प्रश्न वारंवार कानीं येतो. बाप्तिस्मा घेतल्यावरही मनांत वाईट विचार येतात, तर आमचा विश्वास खोटा म्हणावा काय? याचें उत्तर असें कीं, मोह होणें हें पाप नव्हे. खुद्द आपल्या प्रभूलाही अरण्यांत मोह झाला, परंतु तो निष्पाप राहिला. उभ्या पिकाजवळून जातांना गुरें मान वळवणारच. गुराख्यानें तेथेंच हांकलीं तर शेताचें नुकसान होत नाहीं. त्यानें बांध ओलांडूं दिला म्हणजे मात्र दोष त्याच्याकडे येतो.

पण ज्यानें बांध ओलांडूं दिला त्यानें काय करावें? कोणी मापांत खोट केली, कोणी सोडलेली दारू पुन्हां घेतली, कोणी भाऊबंदांच्या भीतीनें ख्रिस्ताचें नांव लपविलें. आणि आतां मन खातें. अशानें जावें कोठें?

एकाच रात्रीं दोन शिष्य पडले. यहूदानें पैशांसाठीं गुरूला धरून दिलें. पेत्रानें कोळशाच्या विस्तवाजवळ शेकत असतां त्याला तीनदां नाकारिलें. पश्चात्ताप दोघांसही झाला. वरवर पाहतां यहूदाचाच अधिक पुरा दिसतो. कारण त्यानें आपलें पाप तोंडानें कबूल केलें व तीस नाणींही परत नेलीं. पेत्र तर केवळ बाहेर जाऊन रडला. मग एकाचा नाश आणि दुसऱ्याचा उद्धार कां झाला?

आम्हांस वाटतें, दोघांनीं आपलें ओझें कोठें नेलें तें पाहावें. यहूदा याजकांकडे गेला. आम्हांस त्याच्याशीं कर्तव्य नाहीं, अशा अर्थाचें उत्तर देऊन त्यांनीं त्याला वाटेस लाविलें. आणि त्या एकटेपणांत त्यानें आपला जीव दिला. पेत्र बंधूंना सोडून गेला नाहीं. पुढें तिबिर्य समुद्राच्या कांठीं प्रभु आहे असें ऐकतांच त्यानें पाण्यांत उडी टाकिली. कांठावर पाहतो तों पुन्हां कोळशाचा विस्तव! प्रभूनें आधीं त्याला जेवूं घातलें. मग तीनदां त्याच्या प्रीतीविषयीं विचारिलें. तो प्रश्न पेत्राला बोचला. पाप झांकलें गेलें नाहीं. तरी प्रभूनें आपलीं मेंढरें त्याच्याच हातीं दिलीं.

म्हणून ज्याचें मन त्याला दोष देतें, त्यानें उपासनेस येणें सोडूं नये. लाजेनें मागें बसणें बरें, घरीं बसणें बरें नव्हे. केलेलें नुकसान अवश्य भरून द्यावें. जक्कयानेंही चौपट देण्याचें कबूल केलें. पण प्रभु त्याच्या घरीं आधींच आला होता. भरपाई ही क्षमेची किंमत नव्हे, तिचें फळ होय.

उपदेशक व वडील जनांस आणखी एक विनंती आहे, आणि ती आम्हां स्वतःसही लागू आहे. दिवेलागणीस कोणी दारीं येऊन आपलें पाप सांगूं लागला, तर आम्ही त्या याजकांसारखे होऊं काय? कीं दुसरे दिवशीं पाणवठ्यावर त्याची चर्चा होऊं देऊं? तसें झाल्यास पुढला मनुष्य आपलें दुःख घेऊन आमच्याकडे येणार नाहीं, गुत्त्यावर जाईल. त्याला आंत बोलवावें, भाकरी पुढें करावी, आणि मग जें विचारावयाचें तें प्रीतीनें विचारावें.