वड्याचे तेल वांग्यावर

पेठेतले शिवणकामाचे दुकान बंद करून अब्बा रात्री घरी यायचे, तेव्हा त्यांचा दिवस कसा गेला हे आम्हा भावंडांना ते दिसण्याआधीच कळायचे. जिन्यावरच्या चपलांच्या आवाजावरून. कुणाचा सदरा पहिल्याच फेरीत अंगावर नीट बसला असेल, जुनी उधारी वसूल झाली असेल, मशीन दिवसभर दोरा न तोडता चालले असेल, तर पावले हलकी पडत. गिऱ्हाईक कपडा परत टाकून गेले असेल किंवा ऐन कामात वीज गेली असेल, तर तोच जिना जड वाजे. मग अम्मी घाईने ताट वाढायला घेई आणि आम्ही उगीचच वह्या उघडून बसायचो. अशा रात्री डाळीत हमखास मीठ जास्त निघायचे. आम्हीही तीच डाळ खात होतो. मीठ रोजच्याइतकेच असायचे.

हार-जीत म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लढाया येतात, निवडणुका येतात, परीक्षांचे निकाल येतात. नीती-अनीतीची चर्चाही आपण अशाच मोठ्या प्रसंगांवर करतो. पण माणसाचे आयुष्य काही रोज लढाईत जात नाही. ते जाते भाकरी फुगली की नाही, साडेआठची एसटी मिळाली की चुकली, साहेबाने अर्जावर सही केली की उद्या या म्हणाला, कुंडीतल्या मोगऱ्याला कळी धरली की पाने पिवळी पडली, यात. हे सगळे इतके किरकोळ की त्याचा विचार करणेही हास्यास्पद वाटावे. तरीही दिवस चांगला गेला की वाईट, हे बहुतेक वेळा यावरच ठरते.

हे आता अभ्यासकांनीही मोजून पाहिले आहे. तेरेसा अमाबिले आणि स्टीव्हन क्रेमर यांनी अमेरिकेतील 7 कंपन्यांमधल्या 238 नोकरदारांना रोज संध्याकाळी त्या दिवसाबद्दल थोडक्यात लिहायला सांगितले. जवळजवळ 12 हजार नोंदी जमल्या. 2011 साली त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले. त्यात दिसले ते असे, की माणसाला उभारी देणारी सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे आपले काम थोडे तरी पुढे सरकल्याचे समाधान. आणि त्याच्या बरोबरीने दिसले ते असे, की कामात छोटीशी पीछेहाट झाली तर तिचा सल त्या समाधानापेक्षा जास्त खोल जातो. अब्बांना हे कुणी सांगायची गरज नव्हती. दहा सदरे नीट बसल्याचा आनंद एक बिघडलेली बाही पुसून टाकते, हे प्रत्येक शिंप्याला माहीत असते.

आमचा प्रश्न इथून पुढे सुरू होतो. हा सल माणूस ठेवतो कुठे? मोठे दुःख असेल तर शेजारीपाजारी येऊन बसतात, वाटून घेतात. छोट्या हारीला सुतक नसते. ती कुणाला सांगावी तर लाज वाटते, आणि पोटात ठेवावी तर टोचत राहते. मग माणूस ती हळूच दुसऱ्याच्या पदरात टाकतो. आणि टाकताना बरोबर असा पदर शोधतो, जो झटकला जाणार नाही. साहेब कारकुनाला बोलतो, कारकून घरी येऊन बायकोला बोलतो, बायको पोराला धपाटा घालते, पोरगे मांजराला लाथ मारते. 1939 साली येल विद्यापीठातल्या जॉन डोलार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक पुस्तक लिहिले. जिथून अडवणूक झाली तिथे राग काढता येत नसेल तर तो दुसरीकडे वळतो, असे त्यांनी त्यात मांडले. आपल्या आयाबायांनी हीच गोष्ट तीन शब्दांत सांगून ठेवली आहे: वड्याचे तेल वांग्यावर.

जिंकण्याचे मात्र उलटे असते. हार खाली वाहत जाते, जीत वरच अडकून राहते. मीठ जास्त झाले तर घरभर चर्चा, आणि नेमके पडले तर सगळे गपचूप जेवून उठतात. ‘शाबास’ हा शब्द फारसीतल्या ‘शाद बाश’वरून आला, त्याचा अर्थ ‘खूश राहा’. इतका साधा आशीर्वाद. पण आमच्या आठवणीत तो अम्मीच्या वाट्याला फारसा आल्याचे दिसत नाही. दुकानातल्या पोरांच्याही नाही.

त्यातल्याच एका पोराची गोष्ट सांगायची आहे.

1987 साली रमजान मे महिन्यात आला होता. म्हणजे ईदचे कपडे आणि लग्नसराईचे कपडे एकदमच. दुकानात तीन मशिने, कारागीर दोन आणि काज-बटण, तुरपाई करायला चौदा-पंधरा वर्षांचा एक पोरगा. आम्हाला शाळेची सुट्टी, त्यामुळे आमच्यापैकी कुणी ना कुणी दुकानात चिंध्या गोळा करत बसलेले असायचे. कापायचे काम अब्बांचे. तो पोरगा मापाच्या वहीतून आकडे वाचून दाखवायचा आणि अब्बा खडूने कापडावर खुणा करायचे. गावातल्या एका गुरुजींनी मुलीच्या लग्नासाठी कोटाचे कापड दिले होते, चांगले महागाचे. दुपारची वेळ, अंगात रोजा, डोक्यावर पत्र्याचे ऊन. पोरगा म्हणाला, “उंची तीस.” अब्बांनी खूण केली अठ्ठावीसवर आणि कातर चालवली.

गुरुजी कोट घालून पाहायला आले. कोट दोन इंच तोकडा. लग्न चार दिवसांवर. गुरुजी फार बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा पडला. तेव्हा अब्बा म्हणाले, “गुरुजी, पोरानं माप चुकीचं वाचलं.”

पोरगा तिथेच सुई घेऊन बसला होता. त्याने एकदा अब्बांकडे पाहिले आणि मान खाली घातली. “तीस” हा आकडा आमच्यापैकी ज्यांनी ऐकला होता, त्यांनीही मान खाली घातली.

अब्बा लबाड नव्हते. त्यांनी कापडाचे पैसे स्वतःच्या खिशातून भरले, रात्रभर जागून दुसरा कोट शिवून दिला, शिलाई घेतली नाही. पैशाचा हिशेब चोख केला. फक्त लाज तेवढी दुसऱ्याच्या नावावर लिहिली. त्या रात्री घरी डाळीबद्दल ते काहीच बोलले नाहीत. त्याचा अर्थ आम्हाला खूप वर्षांनी कळला. ओझे दुकानातच उतरवून आले होते. ईदनंतर तो पोरगा कामावर आला नाही.

कुणी म्हणेल, यात अब्बांचा एवढा काय दोष? दमलेला, उपाशी माणूस, डोक्यावर कामाचा डोंगर, गिऱ्हाईक तुटले तर घर कसे चालणार? हे सगळे खरे आहे. गरिबाची चूक त्याला परवडत नाही, म्हणून तो ती लपवतो. ज्याच्या हाताखाली दहा माणसे आहेत तो चुकला तर धोरण बदलले म्हणतो, आणि शिंपी चुकला तर त्याचे दुकान बसते. पण हाच न्याय लावायचा तर त्या पोराला चूक अब्बांहूनही कमी परवडणारी होती. आपल्यावरचा दाब आपली चूक समजावून सांगतो, पण ती दुसऱ्याच्या पदरात टाकायचा हक्क देत नाही.

आमच्या घरात करमणूक म्हणजे कॅरम. तरावीहनंतर रात्री बोर्ड मांडला जायचा आणि अब्बाही बसायचे. कॅरममध्ये स्ट्रायकर भोकात गेला की दंड म्हणून आपल्याच मिळवलेल्या सोंगट्यांतली एक परत बोर्डावर ठेवावी लागते. समोरच्याची नाही. आणि आपल्याकडे अजून एकही सोंगटी नसेल, तर दंड माफ होत नाही. तो उधार राहतो आणि पहिली सोंगटी मिळाली की आधी चुकता करावा लागतो. या नियमावरून आम्ही भावंडे भांडलो असू, पण अब्बांनी तो कधी मोडू दिला नाही.

म्हातारपणी अशाच एका डावात, दंडाची सोंगटी मध्ये ठेवता ठेवता अब्बा म्हणाले, “तो गुरुजींचा कोट... पोरानं बरोबर वाचलं होतं.” आम्ही म्हणालो, “माहीत आहे, अब्बा.” त्यावर कुणी काही बोलले नाही. डाव पुढे चालू राहिला.

हिशेब हा शब्द आपण रोज वापरतो. त्याच धातूपासून अरबीत ‘मुहासबा’ हा शब्द आहे: स्वतःच स्वतःचा हिशेब घेणे. 1111 साली वारलेल्या इमाम गझाली यांनी ‘इह्या’ या ग्रंथात त्यावर लिहिले आहे. व्यापारी जसा दिवसाच्या शेवटी भागीदाराकडून नफा-तोट्याचा हिशेब घेतो, तसा माणसाने आपल्या मनाकडून घ्यावा, असे ते सांगतात. त्यांच्या हजार वर्षे आधी रोममध्ये सेनेका हा विचारवंत रागावर लिहिताना म्हणतो, की रात्री दिवा काढला, बायको गप्प झाली की तो आपला सगळा दिवस तपासून पाहतो, काही लपवत नाही. दोघांचेही सांगणे मोलाचे आहे. पण अब्बांची गोष्ट आठवली की आम्हाला वाटते, एवढ्याने भागत नाही. अब्बांनी असा हिशेब वर्षानुवर्षे केला असणार, नाहीतर कोट इतका लक्षात राहिला नसता. शेवटी त्यांनी कबुलीही दिली, पण ती आम्हाला, घरात, कॅरमवर. ज्याचे देणे होते त्याच्यापर्यंत ती गेलीच नाही. मनातल्या वहीत नोंद करून ज्याचे त्याला मिळत नाही. आणि आम्हीही, आकडा ऐकलेली माणसे, त्या देण्यात भागीदार होतो.

अब्बा गेल्यावर दोन वर्षांनी आम्ही त्याला शोधत गेलो. फार शोधावे लागले नाही, शेजारच्या तालुक्यात त्याचे स्वतःचे दुकान आहे. आता लोक त्यालाच मास्तर म्हणतात. आम्ही घडले ते सांगितले, आम्ही गप्प राहिलो तेही सांगितले. तो हातातली टेप गळ्यात टाकून ऐकत राहिला. मग म्हणाला, “कातर धरायला मास्तरांनीच शिकवलं. पण त्या दिवशी घरी जाऊन मी धाकट्या भावाला मारलं होतं. उगीचच.”

चहा झाल्यावर त्याने मापाची वही दाखवली. प्रत्येक मापाखाली दोन सह्या. एक वाचणाऱ्याची, एक कापणाऱ्याची.

त्याने आम्हाला माफ केले की नाही, हे आम्ही विचारले नाही. ते विचारणे म्हणजे आमचे ओझे पुन्हा त्याच्याच पदरात टाकणे झाले असते. परत येताना एसटीत आमच्या मनात राहिला तो त्याचा धाकटा भाऊ. त्याला कोटाची गोष्ट माहीतही नसेल. दोन इंचांची चूक खाली खाली वाहत कुठे जाऊन थांबली, हे कुणाला सांगता येणार?

आता आमच्यापैकी कुणी बाहेरून जड पावलांनी घरी आले, तर आधी सांगून टाकतो, “आज माझं काम बिघडलंय, तुमचं काही चुकलेलं नाही.” हे दर वेळी जमते असे नाही. जमले त्या रात्री डाळीचे मीठ बरोबर असते. तेही आता आम्ही बोलून दाखवतो.