हिशेब मागू नका, असं कधी शिकवलं?

परवाच्या मेळाव्यात तुम्ही मला शाल पांघरलीत, वाकून नमस्कार केलात. मग जेवताना सरकारच्या फोन ऐकण्याच्या अधिकारांचा विषय निघाला आणि तुमच्यातला एक जण छाती काढून म्हणाला, "सर, आपल्याला काय लपवायचंय? सीमेवर जवान उभे आहेत. सरकारला ऐकायचं ते ऐकू दे." बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्यात दोन वकील होते. तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं ते यासाठी?

जवानाचं नाव घेताय, तर कारगिलपासूनच सुरुवात करू. मे १९९९ मध्ये घुसखोरांची पहिली खबर दिली ती तिथल्या मेंढपाळांनी. एवढ्या मोठ्या गुप्तचर यंत्रणा, आणि खबर मेंढपाळांकडून! ५२७ जवान आपण गमावले. पुढे के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीने चौकशी केली. माहिती गोळा करण्यात, ती एकमेकांना पोचवण्यात आणि तिचा अर्थ लावण्यात कुठे कुठे चुकलं, हे सगळं तिने लिहून ठेवलं. त्या अहवालामुळे यंत्रणेत बदल झाले. म्हणजे हिशेब मागितला गेला तेव्हा सीमा बळकट झाली. हिशेब मागणं जवानाच्या विरोधात जातं, हे तुमच्या डोक्यात कोणी भरवलं?

आता पाठ्यपुस्तकात नव्हतं ते ऐका. इंटेलिजन्स ब्युरो १८८७ पासून आहे, रॉ १९६८ पासून. या दोन्ही संस्थांचे अधिकार आणि मर्यादा सांगणारा संसदेचा कायदा आजही नाही. २० डिसेंबर २०१८ रोजी गृहमंत्रालयाने संगणकातली माहिती पाहण्याचे अधिकार दहा यंत्रणांना दिले. सीमेसाठीच ना सगळं? मग त्या यादीत प्रत्यक्ष कर मंडळ कशाला? दिल्लीचे पोलीस आयुक्त कशाला? यादी तुम्ही वाचली नाहीत. न वाचता मान डोलावलीत, आणि माझा राग नेमका त्याच्यावर आहे.

"सर, देखरेख करायला समिती असते ना?" असते. फोन ऐकण्याचा आदेश देतात केंद्राचे गृहसचिव. तो तपासतात कॅबिनेट सचिव आणि आणखी दोन सचिव. न्यायाधीश नाही, खासदार नाही. एका सरकारी टेबलावरचा कागद दुसऱ्या सरकारी टेबलावर जातो, एवढंच. समिती दोन महिन्यांतून एकदा बसते. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने २०१८ च्या अहवालात नोंदवलं की दर बैठकीत १५,००० ते १८,००० आदेश तिच्यापुढे असतात. घ्या कागद, करा भागाकार. समिती पाणीही न पिता आठ तास बसली असं धरा. २८,८०० सेकंद. भागिले १५,०००. एका आदेशाला दोन सेकंदही येत नाहीत! तुमची सहामाहीची एकेक उत्तरपत्रिका तपासायला मला वीस मिनिटं लागायची.

आणि चुका होत नाहीत असं समजू नका. लाचखोरीच्या एका प्रकरणात केंद्रीय गृहखात्याने एका व्यावसायिकाचे फोन ऐकण्याचे तीन आदेश काढले होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिन्ही रद्द केले आणि ध्वनिमुद्रणं नष्ट करायला सांगितलं. सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता, ही कायद्याची अट तिथे पुरी होतच नव्हती. त्या माणसावर खटला चालला, म्हणून त्याला ते आदेश कळले तरी. ज्याच्यावर खटलाच होत नाही, त्याला आपला फोन ऐकला गेला हे कळणार कसं? कळलंच नाही तर दाद मागणार कोणाकडे?

वकील असलेल्या दोघांना वेगळं विचारतो. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो हक्क लपवाछपवी करणाऱ्यांपुरता आहे, असं त्या निकालात कुठल्या पानावर लिहिलंय? दाखवा मला. तुमच्या अशिलाने तुम्हाला फोनवर सांगितलेली गोष्ट, पत्रकाराला एखाद्या कारकुनाने दिलेली माहिती, तुमच्या मुलीने आईला सांगितलेलं दुखणं, यात गुन्हा कुठे आहे? तरी ते तिसऱ्याने ऐकावं असं तुम्हाला वाटतं?

सीमेवर पाळत हवीच. रात्री जागणाऱ्याच्या हाती दुर्बीण हवी, यंत्रं हवीत, अचूक खबर हवी. पण कुंपणच शेत खायला लागलं तर ते बघणारा कोणी तरी हवा, आणि तो कुंपणाच्या पगारावर नसावा. ब्रिटनमध्ये २०१६ च्या कायद्यापासून मंत्र्याने दिलेल्या अशा परवान्याला न्यायिक आयुक्ताची संमती लागते. त्यांनाही शत्रू आहेत, त्यांच्यावरही हल्ले झाले.

तेव्हा गृहपाठ देतो. आपापल्या खासदाराला पत्र लिहा. गुप्तचर संस्थांसाठी कायदा कधी करणार, आदेशाआधी न्यायाधीशाची संमती का नको, वर्षाला किती आदेश निघतात तो आकडा संसदेपुढे का ठेवत नाही, एवढे तीन प्रश्न विचारा. आणि पुढच्या मेळाव्याला माझ्यासाठी शाल आणू नका, त्या पत्राची प्रत आणा.