पसारा कोणाचा, धोका कोणाला

घर नीटनेटके नसणे हा मराठी मध्यमवर्गीय मनाला केवळ गैरसोयीचा प्रकार वाटत नाही; त्या घरातल्या माणसांच्या, आणि त्यातही बाईच्या, वळणाचा तो पुरावा वाटतो. दारातली रांगोळी, घासून लखलखीत केलेली भांडी आणि घडी घालून रचलेली अंथरुणे यांची सांगड पिढ्यान्‌पिढ्या चारित्र्याशी घातली गेली आहे. त्यामुळे ज्या घरात मोरीपाशी खरकट्या भांड्यांची रास आहे, पलंगावर कपड्यांची बोचकी पडली आहेत आणि त्यांतच कुठेतरी बसून मूल चहापाव खात आहे, त्या घराविषयीचा निकाल पाहणाऱ्याच्या मनात दारातच लागून जातो. तो गप्पांपुरता राहिला तर फारसे बिघडत नाही. परंतु शिक्षक, डॉक्टर, पोलीस किंवा समाजकार्यकर्ता यांच्यापैकी कोणी तो कागदावर उतरवला, की एखाद्या मुलाच्या सबंध आयुष्याची दिशा त्यावर ठरू शकते; म्हणूनच घरातला पसारा ही कुटुंबाची खाजगी बाब नेमक्या कोणत्या टप्प्यावर उरत नाही, हा प्रश्न जितका नीतीचा तितकाच कायद्याचाही आहे.

भारतात या प्रश्नाचा कायदेशीर आधार म्हणजे बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, 2015. या कायद्याने 'काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक' अशी एक संज्ञा ठरवली असून तिच्यात अठरा वर्षांखालील अनेक प्रकारची मुले येतात: घरदार आणि उपजीविकेचे साधन नसलेली, भीक मागणारी, कायदा मोडून कामाला जुंपलेली, आणि ज्यांचे पालक त्यांचा सांभाळ करण्यास अयोग्य किंवा असमर्थ असल्याचे आढळून आले आहे अशीही. व्याख्येत स्वच्छतेचा किंवा टापटिपीचा शब्द कुठेही नाही. पालक असमर्थ आहेत की नाहीत हे ठरवण्याचे काम बालकल्याण समितीचे, म्हणजे अध्यक्ष आणि चार सदस्य असलेल्या व दंडाधिकाऱ्याचे अधिकार लाभलेल्या मंडळाचे आहे. आणि समितीने तरी ते ऐकीव माहितीवर ठरवू नये म्हणून 'सामाजिक तपासणी अहवाल' मागवण्याची तरतूद आहे. मुलाचे घर, नातेवाईक, शाळा, आरोग्य आणि उत्पन्न यांची प्रत्यक्ष चौकशी करून लिहिलेला हा अहवाल पंधरा दिवसांत आणि समितीचा अंतिम आदेश चार महिन्यांत व्हावा असे कायदा सांगतो. मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय असून सांभाळाची पहिली जबाबदारी कुटुंबाची आहे, हे तत्त्वही त्याच कायद्यात नमूद आहे. मुलाची हेतुपुरस्सर हेळसांड करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद त्यात आहेच, पण तिथेही 'हेतुपुरस्सर' हा शब्द सोडून पुढे जाता येत नाही.

कायद्याने एवढी चौकट आखून दिली तरी घरात पाऊल टाकणाऱ्याने पाहायचे काय, हे त्याला स्वतःच शिकावे लागते. इस्त्रीचे कपडे जमिनीवर, वह्यापुस्तके खाटेखाली, भिंतीवर खडूच्या रेघोट्या आणि ओट्यावर कालची कढई, हे दृश्य डोळ्यांना खुपणारे असले तरी त्यातले काहीच मुलाला इजा करत नाही. याउलट एखादे घर वरवर आवरलेले असते आणि मोरीच्या कोपऱ्यात शीतपेयाच्या जुन्या बाटलीत रॉकेल भरून ठेवलेले असते. तहानलेले दोन वर्षांचे मूल ती बाटली तोंडाला लावते आणि रॉकेल फुप्फुसात उतरते, हा प्रकार सरकारी रुग्णालयांच्या बालरोग विभागांना चांगलाच परिचयाचा आहे. दोन दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात बादल्या आणि टोप भरून ठेवणे ही गृहिणीची दक्षताच असते, परंतु रांगत्या मुलाला बुडण्यासाठी वीतभर पाणीही पुरते, हे तिला कोणी सांगितलेले नसते. सोललेली वायर, उंदराच्या औषधाची पुडी, जाळी नसलेली गॅलरी, हाताशी पडलेल्या आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्या अशी ही यादी वाढवता येईल. कोकणात तर पसाऱ्याला आणखी वेगळा अर्थ येतो. पडवीत सरपणाची रास, तिच्या शेजारी भुईवर अंथरूण आणि त्यावर झोपलेली मुले, असे घर गरिबीचे चित्र म्हणून पाहिले जाते. पण लाल विंचू आणि मण्यार यांच्या दृष्टीने ती सोयीची जागा असते. महाडला राहून विंचूदंशावर आयुष्यभर संशोधन केलेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या कामाने या दंशाने होणारे मृत्यू कितीतरी कमी झाले, तरी सरपण अंथरुणापासून चार हात लांब रचणे हा उपाय कोणत्याही औषधापेक्षा स्वस्तच आहे.

तेव्हा पसारा आणि धोका या दोन गोष्टी बऱ्याचदा एकाच खोलीत राहतात, परंतु त्या एक नव्हेत. पसाऱ्याचे एक कारण तर निव्वळ क्षेत्रफळाचे असते. मुंबईच्या बीडीडी चाळींमधली खोली 160 चौरस फुटांची. तिच्यात सात माणसांचे अंथरूण, स्वयंपाक, अभ्यास, आजारपण आणि पाहुणा एवढे सगळे बसवायचे म्हटल्यावर कोणतीही वस्तू 'जागच्या जागी' असू शकत नाही, कारण जागाच नसते. पुण्यातल्या कचरावेचकांच्या वस्तीत काही घरांच्या दाराशी, कधी आतही, प्लास्टिक, पत्रा आणि काच यांनी भरलेली पोती दिसतात. बाहेरच्याला ती घाण वाटते, परंतु वर्गीकरण करून भंगारवाल्याला विकेपर्यंत तो त्या घराचा माल असतो. त्या मालात फुटकी काच आणि टाकलेल्या सुया असतात आणि तिथे मूल खेळते, हा धोका खोटा नाही. मात्र 1993 साली स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीसारख्या संघटनेने वर्गीकरणासाठी वेगळ्या शेडची मागणी लावून धरली, ती या धोक्याचे मूळ ओळखूनच. अशा घरातले मूल उचलून नेल्याने सुया घराबाहेर जात नाहीत. शेड मिळाल्याने जातात.

घरापेक्षा मुलाकडे पाहावे, हा यातून निघणारा पहिला नियम. मुलाचे वजन वयाच्या मानाने महिन्यामागून महिना घसरते आहे का, तीच जखम चिघळत राहते का, लस चुकली आहे का, दात किडून गाल सुजला तरी दवाखाना घडला नाही का, शाळेत ते सतत पेंगते का, आणि मोठ्या माणसाची चाहूल लागताच ते जवळ जाते की अंग चोरते, या प्रश्नांची उत्तरे झाडलेल्या फरशीपेक्षा कितीतरी अधिक सांगतात. अंगणवाडी सेविका दर महिन्याला वजन घेऊन वाढीच्या आलेखावर खूण करते. तिच्या वहीतली ती रेघ कोणत्याही पाहुण्याच्या मतापेक्षा भरवशाची असते, कारण ती एका दिवसाचे चित्र नसते. इथे एका गैरसमजाचा उल्लेख आवश्यक आहे: डोक्यातल्या उवा आणि अंगावरची खरूज ही घरच्या घाणीची खूण मानली जाते, परंतु उवा डोक्याला डोके लागून पसरतात आणि खरूज दाटीवाटीच्या झोपण्यातून, म्हणून चांगल्या शाळांच्या वर्गांतही त्या असतात. उपचार सांगूनही, औषध हातात देऊनही, तीन महिन्यांनी मुलाची तीच अवस्था असेल तर मात्र प्रश्न बदलतो.

इंग्लंडमध्ये 1989 च्या मुलांविषयीच्या कायद्याने ही सीमारेषा 'लक्षणीय हानी' या शब्दांत आखली आहे: मुलाला अशी हानी होत असेल किंवा होण्याचा संभव असेल, आणि वाजवीपणे अपेक्षित असलेली देखभाल न मिळाल्यामुळे ती होत असेल, तरच न्यायालय मुलाला शासनाच्या ताब्यात देऊ शकते. न्यायमूर्ती हेडली यांनी एका गाजलेल्या निकालपत्रात याचा अर्थ स्पष्ट करताना असे म्हटले आहे की, समाजाने पालकत्वाच्या नाना तऱ्हा, त्यांत विक्षिप्त आणि जेमतेम ठीक म्हणावे असे पालकही आले, सहन करायला तयार असले पाहिजे. त्याच देशात ल्युटन येथे 1990 च्या दशकात बालरोगतज्ज्ञांनी तयार केलेली एक श्रेणीपद्धती आजही वापरात आहे. तिच्यात शारीरिक देखभाल, सुरक्षितता, माया आणि मुलाला मिळणारे मोल यांची एक ते पाच अशी स्वतंत्र श्रेणी लावली जाते, म्हणजे घराची अवस्था चौथ्या श्रेणीची आणि माया पहिल्या श्रेणीची असा निष्कर्षही निघू शकतो. एका गोष्टीच्या अभावाने सगळे घर नापास करण्याच्या सवयीला या पद्धतीने चांगलाच आळा बसतो.

युरोपीय मानवी हक्क न्यायालयाचे दोन निकाल या बाबतीत वाचण्यासारखे आहेत. चेक प्रजासत्ताकातल्या एका दांपत्याची पाच मुले केवळ राहती जागा अपुरी आणि अयोग्य आहे या कारणाने काढून घेण्यात आली होती. पालकांच्या मायेविषयी किंवा संगोपनाच्या क्षमतेविषयी कोणाचीच तक्रार नव्हती. न्यायालयाने 2006 मध्ये ही कारवाई कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा भंग ठरवली. दोन वर्षांनी युक्रेनच्या प्रकरणात पालक अंध होते, घर अस्वच्छ आणि थंड असल्याचे अहवाल होते आणि त्यावरून मुले संस्थेत पाठवली गेली होती. या पालकांना नेमकी कोणती मदत दिली असती तर ही परिस्थिती सुधारली असती याचा यंत्रणेने पुरेसा विचारच केला नाही, असा ठपका न्यायालयाने ठेवला. दोन्ही निकालांमागचा विचार असा की, जे पैशाने, घराने किंवा मदतनिसाने दुरुस्त होऊ शकते, त्यासाठी आईबापांपासून मूल तोडणे हा उपाय होऊ शकत नाही.

नॉर्वेच्या यंत्रणेने 2011 मध्ये एका भारतीय दांपत्याची दोन मुले ताब्यात घेतली तेव्हा भारतात मोठा संताप उसळला आणि परक्या अधिकाऱ्यांना आमचे घर कळत नाही, असे सगळ्यांनी म्हटले. तो संताप समजण्यासारखा होता. परंतु परक्या माणसाला घर न कळण्याचा अनुभव आपल्याच शहरातल्या फुटपाथवरच्या, पालावरच्या आणि वीटभट्टीवरच्या कुटुंबांना नित्याचा आहे, आणि त्यांच्या बाजूने संतापायला सहसा कोणी नसते. दुसऱ्या टोकाला बंद दाराचा फ्लॅट आहे. वस्तू साठवत राहण्याचा विकार, म्हणजे निरुपयोगी वस्तूही टाकून देताना असह्य क्लेश होणे आणि त्यामुळे घर राहण्यालायक न उरणे, हा स्वतंत्र मानसिक आजार म्हणून अमेरिकी मनोविकार संघटनेने 2013 मध्ये मान्य केला. असा आजार सुखवस्तू घरातही असतो; तिथे वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांनी दार अडलेले असते, गॅसच्या शेगडीवर कागद असतात, आणि मुलाला मित्र घरी आणायची बंदी असते. पण तिथे आशाताई जात नाहीत, तपासणीही होत नाही, आणि मुलाच्या पायात बूट असल्यामुळे शाळेलाही काही दिसत नाही. गरिबाचा पसारा रस्त्यावरून दिसतो म्हणून त्याची चौकशी होते, एवढ्या एका कारणाने बालकल्याणाच्या आकड्यांकडे थोड्या संशयानेच पाहायला हवे.

पसाऱ्याचा दोष जवळजवळ नेहमी आईच्या नावावर जमा होतो, हेही विसरता येत नाही. बाळंतपणानंतरचे नैराश्य, सतत मार खाणे, दारुड्या नवऱ्याच्या कर्जापायी चार घरची धुणीभांडी करून स्वतःच्या घरची भांडी तशीच राहणे, ही कारणे अहवालाच्या 'घराची स्थिती' या रकान्यात मावत नाहीत. काल-परवापर्यंत नेटके असलेले घर एकाएकी विस्कटले तर त्या घरातल्या माणसाला काय झाले, हे आधी विचारावे लागते. मानसिक आरोग्यासाठीची केंद्र शासनाची टेलिमानस ही सेवा 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलते. महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेतून एकपालक किंवा दुर्धर आजारी पालकांच्या मुलांसाठी दरमहा 2,250 रुपये मिळू शकतात. या दोन गोष्टींची माहिती देणारा शेजारी घराला नावे ठेवणाऱ्या दहा जणांपेक्षा मुलाच्या अधिक कामाचा असतो.

तथापि सहानुभूतीचीही एक लबाडी असते. 'गरीब आहेत बिचारे' असे म्हणून मुलाच्या चिघळलेल्या जखमेकडे पाठ फिरवणे हा दयाळूपणा नव्हे, आणि तो गरिबांचा अपमानही आहे, कारण त्याच वस्तीत तितक्याच तुटपुंज्या मिळकतीत शेजारीण आपल्या मुलांना न्हाऊमाखू घालून शाळेत पाठवत असते. मोठ्यांना सावरायला लागणारा वेळ मुलाच्या वाढीला परवडत नाही. दोन वर्षांच्या मुलाचे सहा महिने म्हणजे त्याच्या आयुष्याचा चौथा हिस्सा. मदत देऊ करूनही ती नाकारली जात असेल, धोका दाखवूनही तो तसाच राहत असेल, मूल उपाशी किंवा कोंडलेले राहत असेल, अथवा नशेतल्या माणसाच्या भरवशावर सोडले जात असेल, तर तिथे घराचा खाजगीपणा संपतो आणि बाहेरच्याने दार वाजवणे हे कर्तव्य ठरते.

म्हणून शेजारच्या घराविषयी चिंता वाटणाऱ्या वाचकाने आधी त्या घरी जाऊन बोलावे, रॉकेलची बाटली उंच फळीवर ठेवायला सांगावे, दोन तास मूल सांभाळून आईला उसंत द्यावी आणि अंगणवाडी सेविकेच्या कानावर गोष्ट घालावी. मुलाच्या जिवाला किंवा शरीराला धोका असल्याचे दिसत असेल तर मात्र बोलाचालीत दिवस घालवू नयेत. मुलांसाठीची 1098 ही हेल्पलाइन 1996 साली मुंबईत सुरू झाली. तिच्यावरचा फोन विनामूल्य आहे आणि तो दिवसरात्र घेतला जातो.